आवक-जावक

सरकारी कचेरीत ज्या मेजावर आपण होऊन कोणी बसावयास जात नाही, असे मेज म्हणजे आवक-जावकीचे. नव्याने भरती झालेल्यास तेथे बसवितात, आणि ज्याच्यावरून वरिष्ठांची मर्जी उतरली असेल त्याला तेथे परत पाठवितात. या दोहोंपैकी कोणत्या कारणाने आम्ही त्या मेजावर चार वर्षे काढली ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्या चार वर्षांत एक गोष्ट आम्हांला पुरती कळली. मसुद्यावर स्वाक्षरी झाली म्हणजे काम झाले असे स्वाक्षरी करणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्या कागदावर जावक क्रमांक पडावा लागतो, पाकिटावर बिनचूक पत्ता यावा लागतो, आणि पलीकडच्या कचेरीच्या आवक वहीत तो वेळेवर उतरावा लागतो. यांतील एक कडी निसटली की उत्तमांतला उत्तम निर्णय कपाटात पिवळा पडतो. आता वहीच्या जागी संगणक आला आहे. पण पत्ता संगणकालाही लागतोच.

त्यामुळेच असेल, पृथ्वीच्या निरीक्षणांची देवघेव राष्ट्राराष्ट्रांनी करावी असा भारदस्त विषय निघाला की इतरांच्या डोळ्यांपुढे झगमगणारे उपग्रह येतात आणि आमच्या डोळ्यांपुढे ती जाडजूड वही येते. ही आमच्या कल्पनाशक्तीची मर्यादा आहे असे कोणी म्हटल्यास आमचा वाद नाही. परंतु ज्या दोन वादळांशी आमचा संबंध आला, त्यांनी ही समजूत अधिकच दृढ करून ठेवली आहे.

त्यांपैकी पहिले 'फणी'. आमची बदली भुवनेश्वरास झाल्याला दोन वर्षे होत आली होती. 3 मे 2019 रोजी सकाळी ते पुरीजवळ किनाऱ्यावर चढले आणि दुपारपर्यंत भुवनेश्वरातील झाडे, विजेचे खांब आणि आमच्या वसाहतीतील पाण्याच्या टाक्या एका पातळीवर आल्या. त्याआधी तीन-चार दिवस आमच्या शेजारचे गृहस्थ घरी जेवावयास येत नव्हते. ते हवामान खात्यातले. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा आम्ही त्यांना विचारले, "बाबू, वादळ पुरीलाच येणार हे तुम्ही एवढ्या खात्रीने कसे सांगता?" ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "समुद्रावरचा वारा युरोपच्या उपग्रहाने मोजला आहे, आपल्याही उपग्रहाने मोजला आहे. ढग आपल्या इन्सॅटने पाहिले. गणित आपण केले, इंग्लंड-अमेरिकेतही झाले. सगळ्यांचे उत्तर जवळजवळ एक येते. आम्ही सही करतो." आवक-जावकीच्या मेजावर बसलेल्या माणसास याहून अधिक समाधान देणारे उत्तर मिळणे कठीण.

त्या वेळी ओडिशात चोवीस तासांत बारा लाखांच्या आसपास माणसे हलविण्यात आली. मृत्यू 64 झाले. वीस वर्षांपूर्वी, 29 ऑक्टोबर 1999 रोजी, याच किनाऱ्यावर आलेल्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली होती. हा फरक केवळ उपग्रहांनी घडविला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मधल्या काळात निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, आणि लोकांना 1999 ची आठवण होती. पण निवाऱ्यात केव्हा जावयाचे हे कोणी तरी वेळेवर आणि विश्वासाने सांगावे लागते. खोटी हूल दोनदा उठली तर तिसऱ्यांदा कोणी दार उघडत नाही.

'फणी' हे नाव ऐकून आमच्या घरी प्रथम हसू आले. नागाला हे नाव देणारा कोणी संस्कृत पंडित दिल्लीच्या हवामान खात्यात बसला असावा असा आमचा तर्क होता. पण ते नाव सुचविले होते बांगलादेशाने. हे कळल्यावर आम्ही जरा खोलात शिरलो, आणि हसू मावळले. 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर जे चक्रीवादळ आले त्यात तीन ते पाच लाख माणसे मेली असे मानतात. तीन की पाच हे आजतागायत ठरलेले नाही. दोन लाख माणसांचा हिशेब ज्या घटनेत लागत नाही तिच्याविषयी काय लिहावे? उपग्रहांनी ते वादळ पाहिले होते. पाहिलेले बेटांवरच्या माणसापर्यंत उतरले नाही. पुढे 1972 साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशियाविषयक आर्थिक आयोग यांनी बंगालच्या उपसागराभोवतीच्या आणि अरबी समुद्रावरच्या देशांचे एक मंडळ स्थापिले. आज त्यात तेरा देश आहेत आणि त्यांना वादळाची सूचनापत्रे धाडण्याचे काम दिल्लीचे केंद्र करते. 2004 पासून वादळांना नावे देण्यास आरंभ झाला. 2020 च्या एप्रिलमध्ये नवी यादी आली: तेरा देशांची प्रत्येकी तेरा, एकूण 169 नावे. देश इंग्रजी वर्णानुक्रमाने लावले आहेत. त्यामुळे बांगलादेश नेहमी पहिला, भारत दुसरा आणि पाकिस्तान सातवा. मानापमान टाळण्यासाठी वर्णमालेसारखा दुसरा तटस्थ अधिकारी नाही, हे निमंत्रणपत्रिकांची यादी केलेला कोणताही कारकून सांगेल.

या यादीचे एक उदाहरण आम्हांला फार आवडते. 2021 च्या सप्टेंबरअखेर 'गुलाब' नावाचे वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. नाव पाकिस्तानने दिलेले. जमिनीवर चढल्यावर त्याचा जोर ओसरला, पण ते विरले नाही. तेलंगण ओलांडून मराठवाड्यात त्याने असा पाऊस पाडला की काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. पुढे गुजरातेवरून ते अरबी समुद्रात उतरले, तेथे पुन्हा बळावले, आणि कतारने दिलेले 'शाहीन' हे नाव धारण करून ऑक्टोबरच्या तिसऱ्या दिवशी ओमानवर गेले. एकच प्रकरण, दोन नावे, आणि वाटेत किती कचेऱ्या! प्रत्येकीने आपली नोंद करून कागद पुढे सरकविला म्हणूनच पुढच्या दाराला वेळेवर कडी लागली.

कागद पुढे सरकला नाही म्हणजे काय होते याचे उदाहरण शोधण्यास लांब जावे लागत नाही. 26 डिसेंबर 2004 रोजी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसहाला एक मिनिट कमी असताना सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. हवाई बेटांवर पॅसिफिक महासागरासाठी त्सुनामीच्या इशाऱ्याचे केंद्र होते. तेथल्या मंडळींनी सुमारे पंधरा मिनिटांत पत्रक काढले. ते पत्रक ज्यांना जावयाचे त्यांची यादी ठरलेली होती, आणि त्या यादीत भारत नव्हता, श्रीलंकाही नव्हती. चेन्नईच्या किनाऱ्यावर लाट पोहोचावयास दोन तासांहून अधिक वेळ होता. रविवारची सकाळ, किनाऱ्यावर मुले खेळत होती, कोळी जाळी आवरीत होते. भूकंपाची बातमी जगात होती. ती कोणत्या दारावर थाप मारून सांगावयाची, तेवढे कोठे लिहिलेले नव्हते. हिंदी महासागराभोवती त्या दिवशी सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे दहा हजारांवर. पत्ता नसलेले पत्र आम्ही आमच्या मेजावर पुष्कळ पाहिले आहे. पण पत्ता नसल्याने एवढे घडू शकते, हे त्या वहीत कोठे दिसत नाही.

त्यानंतर 2007 च्या ऑक्टोबरात हैदराबादेस महासागर माहिती सेवा केंद्रात आपले इशारा केंद्र सुरू झाले. ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांच्या केंद्रांच्या जोडीने ते आज हिंदी महासागराभोवतीच्या देशांना इशारे पाठविते. जो पत्ता 2004 मध्ये कोणाच्याच वहीत नव्हता, तो आता अनेकांच्या वहीत आहे. आणि आपल्या वहीत अनेकांचे.

या देवघेवीचा रोजचा भाग तर इतका साधा आहे की त्यावर कोणी भाषण करीत नाही. ग्रिनिचच्या घड्याळात शून्य वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. त्या सुमारास भुवनेश्वर, मुंबई, पोर्ट ब्लेअर अशा ठिकाणी हवामान खात्याचा माणूस फुगा सोडतो. त्याच वेळी कराचीतही निरीक्षण होते, मॉस्कोतही होते. निरीक्षण कोणत्या गावचे हे नावाने न लिहिता पाच आकड्यांनी लिहितात. भुवनेश्वर म्हणजे 42971, कुलाबा म्हणजे 43057. तापमान, वारा, दाब यांचेही जुन्या संकेतलिपीत पाच-पाच आकड्यांचे गट. त्यामुळे मराठी न येणाऱ्या माणसाला कुलाब्याची हवा वाचता येते आणि आम्हांला रशियन न येता सैबेरियाची. 1961 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी हवामानाच्या कामात उपग्रहांचा उपयोग सर्वांसाठी व्हावा असा ठराव केला. 1963 मध्ये जागतिक हवामान निरीक्षणाची योजना आली. या दोहोंच्या मध्ये, 1962 च्या ऑक्टोबरात, क्यूबाच्या पेचाने जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन गेले होते. तरीही त्या योजनेची जागतिक केंद्रे ठरली ती वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न. ज्यांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखली होती, ते एकमेकांना पावसाचे आकडे धाडीत होते. आम्हांला याचे आश्चर्य वाटते, पण ज्यांच्या कचेरीत दोन शाखांचे अधिकारी एकमेकांशी बोलत नाहीत आणि तरीही फायली वेळेवर जातात, त्यांना फारसे वाटू नये.

आपण यात केवळ घेणारे आहोत असे मात्र नव्हे. समुद्रावरचा वारा मोजणाऱ्या अमेरिकेच्या उपग्रहाचे यंत्र 2009 च्या नोव्हेंबरात बंद पडले. त्याच वर्षी सप्टेंबरात आपण सोडलेल्या ओशनसॅट-2 वर तशाच कामाचे यंत्र होते. 2012 च्या ऑक्टोबरात 'सँडी' वादळ न्यूयॉर्ककडे निघाले, तेव्हा त्याच्या वाऱ्यांची जी चित्रे अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली त्यांत या भारतीय यंत्राची मोजमापे होती. 2025 च्या जुलैत श्रीहरिकोट्याहून उडालेला निसार तर दोन्ही देशांनी मिळून बांधलेला.

आता आमच्या वाचकांपैकी कित्येक जण वरच्या श्रेणीचे अधिकारी आहेत, आणि त्यांची हरकत आम्हांला येथूनच ऐकू येते: 'सगळेच देत सुटलात तर सुरक्षिततेचे काय?' हरकत निराधार नाही. जे गोपनीय आहे ते गोपनीय राहावे. त्या शिक्क्याचा मान आम्हीही राखतो. प्रश्न शिक्का कशावर मारावयाचा हा आहे. आम्ही महाविद्यालयात असताना भूगोलाच्या प्रकल्पासाठी आमच्या गावचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा मिळावा म्हणून एका कचेरीत गेलो होतो. गाव श्रीवर्धन तालुक्यात, अगदी समुद्रकाठी. किनाऱ्याचे आणि सीमेचे तसे नकाशे तेव्हा सर्वसामान्यांसाठी खुले नव्हते. तेथील गृहस्थांनी अर्ज उलटसुलट पाहून विचारले, "तुम्हांला तो कशासाठी हवा?" ज्या विहिरीचे पाणी पिऊन आम्ही वाढलो, ती कागदावर कोठे आहे हे पाहण्यासाठी, असे उत्तर अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहावयाचे हे कळेना. 2021 च्या फेब्रुवारीत नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरची पुष्कळशी बंधने उठविली. तोवर विदेशी उपग्रहांनी आमची विहीर जगाला दाखवून झाली होती.

दुसरी अडवणूक किमतीची. अमेरिकेचा पहिला लँडसॅट 1972 सालचा. पुढे त्याची चित्रे विकण्याचे धोरण आले. एका चित्राला हजारो डॉलर पडू लागले आणि गरीब देशांतील संशोधकाने जुन्या चित्रावरच भागवावे अशी अवस्था झाली. 2008 मध्ये संपूर्ण साठा मोफत खुला झाला. विक्रीच्या चांगल्यात चांगल्या वर्षी जेथे काही हजार चित्रे खपत होती, तेथे मागणी थोड्याच वर्षांत लाखांवर गेली. चित्रे तीच, उपग्रह तेच.

पण शिक्का आणि किंमत यांहून अवघड गोष्ट आहे ती भांडणाची. तिबेटात ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला नदीची पातळी मोजणारी केंद्रे आहेत. तेथले पावसाळ्यातले आकडे चीनने भारताला द्यावेत असा करार 2002 मध्ये झाला. 2017 च्या उन्हाळ्यात डोकलामला सैन्ये समोरासमोर उभी राहिली आणि त्या पावसाळ्यात आकडे आले नाहीत. केंद्रांची दुरुस्ती चालू आहे असे सांगण्यात आले. आसामात पूर यावयाचा तो आलाच. पुढल्या वर्षी आकडे पुन्हा मिळू लागले. 2023 मध्ये कराराची मुदत संपली. सचिवालयातील अनुभवी माणसास 'दुरुस्ती चालू आहे' या शेऱ्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आणि आपण? 2025 च्या एप्रिलनंतर सिंधू जलकरार आपण स्थगित ठेवला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तावी नदीला मोठा पूर येण्याची चिन्हे दिसताच भारताने इस्लामाबादेतील आपल्या उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला तसे कळविले. नेहमीचा मार्ग सिंधू आयोगाचा. तो बंद होता म्हणून हा वळसा. कराराविषयी मतभेद असतील, आमच्या कचेरीतही आहेत आणि ते जेवणाच्या सुट्टीत मोठ्या आवाजात व्यक्त होतात. पण तो संदेश गेला याचे आम्हांला बरे वाटले. नदीकाठी झोपलेल्या माणसाला कोणत्या मार्गाने निरोप आला याच्याशी कर्तव्य नसते. एवढेच की वळशाला वेळ लागतो, आणि पाणी वळसा घेत नाही.

दुसरे वादळ आमच्या गावचे. नव्या यादीतील पहिले नाव 'निसर्ग', तेही बांगलादेशाचेच. 3 जून 2020 रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. दोन दिवस आधीच शेजारच्या गृहस्थांनी आम्हांला बोलावून पडद्यावरची रेघ दाखविली होती. महामारीचे दिवस, आम्ही भुवनेश्वरात अडकलेलो. दूरध्वनी केला.

"नाना, तुम्ही आणि आई उद्याच शाळेत राहायला जा."

"अरे, समुद्र माझ्या समोर आहे की तुझ्या? पाणी कसं निवांत आहे. आणि शाळेत ती एवढी गर्दी, या रोगात?"

"नाना, वारा ताशी शंभरावर जाणार आहे."

"तुला भुवनेश्वरात बसून कळतं होय?"

या प्रश्नाला उत्तर होते, पण ते युरोपच्या उपग्रहापासून दिल्लीच्या सूचनापत्रापर्यंत सगळे सांगावे लागले असते. अखेर नानांना घरातून बाहेर काढले ते गावच्या पोलीस पाटलांनी. ते रात्री कंदील घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "काका, तुम्ही निघाल्याशिवाय मी पुढच्या घरी जाणार नाही." त्या एका वाक्यापाशी आठ-दहा देशांचे काम पुरे झाले. दुसऱ्या दिवशी घराची कौले गेली, गोठा गेला, आणि वाडीतल्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. दोघे शाळेत सुखरूप होते.

ऑक्टोबरात ढग हटल्यावर आम्ही युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची चित्रे उघडली. ती कोणालाही फुकट मिळतात. त्यातला सर्वांत बारीक चौकोन दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! आमची वाडी अठरा गुंठ्यांची. अठरा चौकोन मोजून आम्ही वादळाआधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवले. आधी गर्द हिरवे; नंतर त्यांतले तेरा तांबूस. पंचनामा जूनमध्येच झाला होता. तलाठी पावसात भिजत, पडलेल्या झाडांवरून उड्या मारीत, गावातली प्रत्येक वाडी मोजीत हिंडले होते. त्यांच्या कष्टांना आम्ही नाव ठेवणार नाही. पण मदत मोजली जाते हेक्टरी आणि कोकणातली वाडी असते गुंठ्यांत. मग हातात येते ते दोन पावसाळ्यांच्या शेणखतालाही पुरत नाही. गुंठ्यागुंठ्याचे नुकसान दाखविणारे चित्र आमच्या मेजावर होते, तालुक्याच्या आवक वहीत ते उतरलेले नव्हते. ज्याने निर्णय करावयाचा त्याला ते मागण्याची रीतच नव्हती, आणि आम्ही पाठविले असते तरी ते कोणत्या शीर्षाखाली नोंदवावयाचे?

नानांनी वाडी पुन्हा लावली. रोठा सुपारी धरावयास सहा-सात वर्षे लागतात. परवा बोलता बोलता आम्ही त्यांना वादळांच्या यादीची हकीकत सांगितली. तिच्या तिसऱ्या स्तंभाचा आरंभही बांगलादेशाच्या नावाने होतो, आणि ते नाव 'अर्णव' आहे, हेही सांगितले.

"अर्णव म्हणजे समुद्रच की रे," नाना म्हणाले. मग थोडे थांबून, "मेमध्ये येतोस का? रोपांना कुंपण घालायचं राहिलं आहे."

रजेचा अर्ज दिला आहे. जावक क्रमांक अद्याप पडावयाचा आहे.